बदली पुण्याला, मुलं शाळकरी: घर कुठल्या भागात बघावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नागपूरहून पुण्याला येताय. यजमानांचं ऑफिस हिंजवडी फेज एकमध्ये, आठवड्यातले तीन दिवस. तुमचं कल्याणीनगरला, दोन दिवस. मुलगी राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात चौथीत आहे, मुलगा ज्युनिअर केजीत जाईल. सासूबाई सोबत आहेत. सुरुवातीला भाड्यानं राहणार, पुढं जमलं तर फ्लॅट घेणार. आणि विचारलंय की चांगल्या शाळा असलेलं उपनगर कोणतं: वाकड, बाणेर, कोथरूड की खराडी?

मी बरीच वर्षं वर्गावर शिकवलं, मग मुख्याध्यापिका म्हणून प्रवेशाचं काम पाहिलं. आता बदलीवर पुण्यात येणाऱ्या पालकांना शाळा निवडायला मदत करते. त्यामुळं पुढचं सगळं पुण्याच्या अनुभवातून आलेलं आहे. दुसऱ्या शहरात तपशील बदलतील.

पहिली गोष्ट, पुण्यात पत्त्यावरून शाळा मिळत नाही. तुमचे अमेरिकेतले किंवा ऑस्ट्रेलियातले नातेवाईक ‘चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घे’ म्हणतात, कारण तिकडं घराच्या पत्त्यावर सरकारी शाळा ठरते. आपल्याकडं खासगी शाळेला हद्द नसते. बावधनचं मूल बाणेरच्या शाळेत जातं आणि रावेतचं निगडीच्या. अंतराचा नियम काटेकोरपणे लागतो तो फक्त आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवलेल्या, 25 टक्के राखीव जागांना. तिथं घरापासून एक किलोमीटर, मग तीन किलोमीटर असा क्रम लागतो. तुम्ही त्या गटात बसत असाल तर आधीपासून नोंदणीकृत भाडेकरार हाताशी हवा, हे लक्षात ठेवा. बाकी सगळ्यांसाठी ‘चांगल्या शाळांचं उपनगर’ म्हणजे बिल्डरच्या जाहिरातीतला शब्द आहे. तुमच्यासाठी चांगलं उपनगर तेच, जिथून तुमच्या दोन्ही मुलांना प्रत्यक्ष प्रवेश मिळालेली शाळा जवळ आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दोन-तीन शाळा, मग त्यातल्या एका शाळेत पक्का प्रवेश, मग त्या शाळेच्या आसपास भाड्याचं घर. लोक नेमकं उलटं करतात. ऑफिसजवळ टॉवरमध्ये फ्लॅट बघतात, डिपॉझिट भरतात आणि मग शाळा शोधायला निघतात.

घर ऑफिसजवळ का नको, तेही सांगते. हिंजवडीला यजमान आठवड्यातून तीनदा जाणार, तुम्ही कल्याणीनगरला दोनदा. मुलं मात्र पाच-सहा दिवस जाणार, आणि तीही स्कूलबसनं. स्कूलबस सरळ रस्त्यानं जात नाही. ती सोसायट्या-सोसायट्यांतून मुलं गोळा करत जाते. नकाशावर सहा किलोमीटर दिसणारं अंतर बसमध्ये सहज पाऊण तासाचं होतं, आणि भूमकर चौकात किंवा वाकडच्या पुलाखाली गाडी अडकली की तासाच्या पुढं. साडेचार वर्षांचं पोर सकाळी सातला बसमध्ये बसून दुपारी घामेजलेलं उतरतं आणि न जेवता झोपतं. असं वर्ष काढलेल्या मुलाला शाळा कितीही नामांकित असली तरी ती नकोशी होते. माझं मोजमाप साधं आहे. केजीतल्या मुलाला दारापासून दारापर्यंत वीस मिनिटं, पाचवीच्या मुलीला अर्धा तास. त्यापुढची शाळा माझ्या यादीतून बाद होते, मग तिचा निकाल काहीही असो. मोठी माणसं मोबाइलवर गाणी ऐकत प्रवास काढू शकतात. तेव्हा लांबचा प्रवास त्यांच्या वाट्याला जाऊ दे.

आता तुमच्या बाजूनं असलेली एक गोष्ट. मुलगी पाचवीत जाणार आहे, आणि पुण्यात पाचवी ही प्रवेशाची नैसर्गिक पायरी आहे. जुन्या अनुदानित संस्थांमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि हायस्कूल पाचवीपासून अशी रचना बऱ्याच ठिकाणी अजून आहे. त्यामुळं पाचवीला त्यांच्याकडं खरोखर नव्या जागा निघतात. सहावी किंवा सातवीत आलात तर कुणी शाळा सोडून गेल्याची वाट बघावी लागते. ज्ञानप्रबोधिनीची सदाशिव पेठेतली प्रशालाही पाचवीपासूनच सुरू होते. तिथं स्वतःच्या चाचण्या घेऊन प्रवेश देतात आणि ही प्रक्रिया मुलं चौथीत असतानाच उरकते. तुमची मुलगी आत्ता चौथीत आहे, म्हणजे चौकशीची वेळ हीच. मार्चमध्ये विचारून उपयोग नाही. कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा मोठा परिसर आहे. 1896 साली सुरू झालेली संस्था, मुलींसाठी शाळा, मोकळी जागा, मैदान. मुलींची शाळा चालणार असेल तर तिथं नक्की जाऊन या.

मुलाचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, आणि त्याच हिशेबानं खालचे वर्ग मोजतात. पण केंद्रीय विद्यालय 31 मार्च धरतं. त्यामुळं डिसेंबरात जन्मलेल्या मुलाचा वर्ग शाळेगणिक एकानं मागं-पुढं होऊ शकतो. जन्मतारीख घेऊन शाळेला नेमकं विचारा. आणि नागपूरच्या शाळेनं अमुक वर्गात बसवलं होतं म्हणून इथंही तोच वर्ग मिळेल असं गृहीत धरू नका. मागणी असलेल्या शाळांचे नर्सरी आणि ज्युनिअर केजीचे अर्ज दिवाळीच्या आसपास सुटतात आणि बऱ्याच ठिकाणी जानेवारीपर्यंत यादी लागते. ‘उन्हाळ्यात येऊन बघू’ म्हणणाऱ्याला उरलेल्या जागा मिळतात.

इथं वेळापत्रकातला एक खड्डाही दाखवून ठेवते. सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्याहून थोड्या उशिरा, हे तुम्हाला माहीतच आहे. मुलीला पुण्यात सीबीएसईत घालायचं ठरलं तर नागपूरची वार्षिक परीक्षा संपायच्या आत इकडं पाचवीचे तास सुरू झालेले असतील. पहिल्या महिन्यात वर्गात मैत्रिणी जमतात, बाकं ठरतात. तोच महिना तिचा चुकतो. जमलं तर कुणीतरी एकानं तिला घेऊन एप्रिलमध्येच यावं, सामान मागून येऊ दे. राज्य मंडळाची शाळा घेतलीत तर हा प्रश्नच येत नाही. मे महिना तुमच्या हातात राहतो.

मग बोर्ड कोणतं? लोकांना बोर्डाची चर्चा फार आवडते. मला तुमच्या मुलीच्या बाबतीत ती फारशी महत्त्वाची वाटत नाही. पाचवीत राज्य मंडळातून सीबीएसईत जाणं अवघड नाही. हिंदीची आणि विज्ञानाची पुस्तकं थोडी वेगळी वाटतील, सहा महिन्यांत जमतं. उलट यजमानांची बदली पुढं राज्याबाहेर होण्याची शक्यता खरी असेल तर सीबीएसई सोयीचं. पुण्यातच रुजणार असाल तर राज्य मंडळाची चांगली अनुदानित शाळा, सेमी-इंग्रजी वर्ग, हा पर्याय हसण्यावारी नेऊ नका. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, फी किरकोळ, आणि शिक्षक वर्षानुवर्षं तेच. तुमची मुलगी इंग्रजी माध्यमातली आहे, तिला एकदम पूर्ण मराठी माध्यमात नेणं पाचवीत जड जाईल. सेमीमध्ये मात्र घरी मराठी बोलणारी मुलगी एका सत्रात रुळते. मुलाच्या बाबतीत तर पाटी कोरी आहे. मराठी माध्यमाचा विचार असेल तर सेनापती बापट रस्त्यावरची अक्षरनंदन ही 1992 साली सुरू झालेली प्रयोगशील शाळा जाऊन बघा. केंब्रिज आणि आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळा उंड्री-एनआयबीएम बाजूला आणि इतरत्र आहेत. फी आणि अंतर, दोन्ही तुमच्या सांगण्यात बसत नाहीत, म्हणून त्यात शिरत नाही. आणि ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांच्यासाठी एवढंच: त्या टप्प्यावर बोर्ड बदलू नका, जमलं तर बदलीच एक वर्ष पुढं ढकला.

आता भागांविषयी. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत हा पट्टा हिंजवडीत काम करणाऱ्यांनी भरलेला आहे. इमारती नव्या, शाळाही नव्या, बहुतेक सीबीएसई. यजमानांना इथून ऑफिस जवळ, पण तुमचं कल्याणीनगर म्हणजे शहर ओलांडून दुसरं टोक. माझी या पट्ट्याबद्दलची काळजी रस्त्यांपेक्षा शाळांच्या वयाची आहे. पाच-सात वर्षांच्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत. वर्षाच्या मध्ये गणिताच्या बाई बदलल्या, पुन्हा बदलल्या, हे इथले पालक नेहमी सांगतात. अपवाद आहेत, पण ते तपासून घ्यावे लागतात. त्याच बाजूला पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख मला जास्त पसंत आहेत. रस्ते रुंद, शाळा एकमेकींपासून जवळ आणि हिंजवडीही हाताशी. एक जाणून घ्या, पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू केलं. सोसायटीची साठवण टाकी चांगली असेल तर त्रास जाणवत नाही, नसेल तर रोज जाणवतो.

निगडी-प्राधिकरण शांत आहे, नियोजनबद्ध सेक्टर, झाडं, मराठी वस्ती, जुन्या शाळा, ज्ञानप्रबोधिनीचं नवनगर विद्यालयही तिथंच. सासूबाईंना फार आवडेल. पण तुमच्या कल्याणीनगरला ते लांबच. आठवड्यातून दोनदाच जायचं म्हणून तुम्ही ते सोसणार असाल तर मी अडवणार नाही.

औंध-बाणेर-बालेवाडी मध्यावर आहे आणि म्हणूनच महाग आहे. बाणेर रस्त्यावर हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं काम वर्षानुवर्षं चाललं. ही मार्गिका 23 किलोमीटरची आहे आणि वाकड, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ असा तिचा रस्ता आहे. ज्या दिवशी तुम्ही घर बघाल त्या दिवशी ती जिथवर धावत असेल तेवढीच हिशेबात धरा. ‘इथं स्टेशन येणार आहे’ या वाक्यासाठी जास्तीचं भाडं देऊ नका. खराडी आणि वाघोली तुमच्या यादीतून मी काढून टाकते. तुमच्या ऑफिसला सोयीचं आहे, पण यजमानांना हिंजवडी गाठायला दर वेळी शहर आडवं कापावं लागेल. शिवाय वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली तरी पाणी आणि रस्ते यांचा मेळ अजून बसलेला नाही.

राहिलं कोथरूड आणि त्याला लागून कर्वेनगर, एरंडवणे, बावधन. तुमच्या परिस्थितीत माझा कौल इकडं आहे. कारणं सांगते. वनाज ते रामवाडी मेट्रो मार्च 2024 पासून पूर्ण धावते आहे, आणि तिच्यावर कल्याणीनगरचं स्टेशन आहे. म्हणजे तुम्ही वनाजला किंवा आयडियल कॉलनीला बसलात की गाडी न बदलता ऑफिसच्या भागात उतरता. पावसात, गणपतीच्या गर्दीत, कधीही. यजमानांना पौड रस्त्यानं चांदणी चौक आणि तिथून महामार्गानं हिंजवडी, पंधरा-सतरा किलोमीटर. चांदणी चौकाचा नवा पूल 2023 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्यापासून तिथला जुना तुंबा कमी झालाय. महामार्गावरून हिंजवडीत शिरताना मात्र गर्दी लागणारच, ती कुठूनही आलात तरी लागते. तीन दिवस, सकाळी आठच्या आत निघाले तर सुसह्य आहे. आणि मुलांना मात्र या भागात पायी किंवा पाच-दहा मिनिटांत पोचता येतील अशा अनुदानित, विनाअनुदानित, राज्य मंडळाच्या, सीबीएसईच्या, सगळ्या प्रकारच्या शाळा आहेत. एका शाळेत नाही जमलं तर घर न बदलता दुसरी बघता येते. बदलीवर आलेल्या कुटुंबासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण पहिली निवड चुकण्याची शक्यता नेहमीच असते. सासूबाईंना चालत जाऊन भाजी आणता येईल, देवळात जाता येईल, बोलायला माणसं मिळतील. पंचविसाव्या मजल्यावर, महामार्गाच्या कडेला म्हातारी माणसं कोंडल्यासारखी होतात, आणि मग दुपारी मुलांना सांभाळण्याचा तुमचा सगळा बेत कोसळतो.

कोथरूडची उणी बाजू: इमारती जुन्या, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट छोटी, पार्किंग एकाच गाडीचं, मुलांना खेळायला सोसायटीत आवार नाही. पुनर्विकासाची कामं गल्लोगल्ली चालू आहेत. घर बघताना ‘ही इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का’ हे मालकाला आणि वॉचमनला, दोघांनाही विचारा. अकरा महिन्यांत घर खाली करावं लागलं तर शाळेजवळ राहायचं सगळं गणित बिघडतं. बावधनमध्ये नव्या सोसायट्या मिळतील, पण तिथं उन्हाळ्यात टँकर किती येतात ते सोसायटीच्या ऑफिसात विचारा. ब्रोकर ते सांगणार नाही. पाण्याचा दर्जा हाही मुलांच्या तब्येतीचाच प्रश्न आहे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड-किरकटवाडी भागात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांमधल्या पाण्याकडं सगळ्यांचं लक्ष गेलं. पाणी कुठून येतं, शुद्ध होऊन येतं का, हे घर बघताना विचारायलाच हवं.

आता शाळा कशी तपासायची, कारण भाग कितीही चांगला असला तरी शेवटी मूल एका वर्गात आणि एका बाईंसमोर बसणार आहे.

कागदांपासून सुरुवात करा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. तो विचारा आणि सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. शाळा कितवीपर्यंत मान्य आहे, शिक्षक किती, मुलं किती, सगळं दिसतं. सीबीएसई शाळा असेल तर संलग्नता क्रमांक विचारा, महाराष्ट्रातल्या खासगी शाळांचा 113 ने सुरू होतो. ‘सीबीएसई पॅटर्न’ म्हणजे सीबीएसई नव्हे. नव्या भागांत कमानीवर मोठ्या अक्षरात सीबीएसई लिहिलेलं असतं आणि संलग्नता अजून ‘प्रक्रियेत’ असते. मुलगी आठवीला पोचेपर्यंत ती मिळाली नाही तर धावपळ तुमची होते. संलग्न शाळेला स्वतःच्या संकेतस्थळावर सक्तीची जाहीर माहिती टाकावी लागते. त्यात अग्निसुरक्षा, इमारतीची सुरक्षितता, शिक्षकांची संख्या, फी, मागच्या तीन वर्षांचे निकाल हे सगळं असायला हवं. अग्निसुरक्षेच्या दाखल्याची तारीख उघडून बघा. तो कागद जुना असेल तर बाकीच्या दाव्यांकडंही मी सावधपणे बघते. जिल्हा परिषद आणि महापालिकेचा शिक्षण विभाग दर वर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो. ती यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

मग शाळेच्या सहलीला, म्हणजे त्यांनी आखलेल्या फेरफटक्याला, जा. पण त्यावर विसंबू नका. त्यात संगणक कक्ष दाखवतात, तरणतलाव दाखवतात, भिंतीवरचे चषक दाखवतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी न सांगता शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या राहा. अर्ध्या तासात बरंच काही कळतं. बसच्या रांगेपाशी शिक्षक उभे आहेत का की सगळं शिपायावर सोडलंय. छोट्यांना हाताला धरून बसमध्ये चढवणारी बाई आहे का. महाराष्ट्रात 2011 पासून स्कूलबसचे स्वतंत्र नियम आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणं आणि मुली असलेल्या बसमध्ये महिला सहाय्यक असणं त्यात आहे. मुलं सुटल्यावर आरडाओरडा करतायत का हे बघू नका, ती करणारच. बघायचं ते हे की एखादं पोर मागं राहिलं, बाटली विसरली, रडायला लागलं तर कोण वाकतं त्याच्याशी बोलायला. रिक्षाकाकांशीही बोला. कोणत्या शाळेची मुलं कधी उशिरा सुटतात, कुठल्या शाळेत वर्षभरात किती मुलं सोडून गेली, हे त्यांना प्राचार्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

आणि वह्या बघा. हे मी प्रत्येक पालकाला सांगते आणि फार थोडे करतात. ज्या सोसायटीत घर बघाल तिथं त्या शाळेत जाणारं एखादं पाचवी-सहावीचं मूल असेलच. त्याच्या आईला विनंती करून विज्ञानाची आणि मराठीची वही मागा. दोन मुलांच्या वह्या मिळाल्या तर उत्तम. दोन्ही वह्यांत बाष्पीभवनाचं उत्तर शब्दन्‌शब्द एकच असेल आणि खाली फक्त बरोबरची खूण आणि सही असेल, तर त्या वर्गात फळ्यावरून उतरवून घेणं चालतं. एका शाळेच्या वहीत मी पाहिलं होतं: मुलानं लिहिलं होतं की ओल्या चादरी गच्चीवर लवकर वाळतात, आणि बाईंनी समासात लाल शाईनं विचारलं होतं, ‘खोलीत वाळत घातल्या तर? करून बघ आणि सोमवारी सांग.’ खाली मुलानं पेन्सिलीनं वेळा लिहून आणल्या होत्या. शाळेची इमारत साधी होती, मैदान लहान होतं. तरी मी त्या कुटुंबाला डोळे झाकून ती शाळा घ्या म्हटलं. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केलेल्या आहेत का, निबंधाखाली एखादं तरी वाक्य लिहिलंय का, हेही त्याच वहीत दिसतं. दहावीचा निकाल तुम्हाला शाळेनं कोणती मुलं घेतली आणि त्यांचे क्लास कुठले होते हे सांगतो. वही तुम्हाला शाळा काय शिकवते ते सांगते.

प्राचार्यांना भेटाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. पाचवीच्या वर्गाला शिकवणारे किती शिक्षक मागच्या वर्षीही इथंच होते? एका तुकडीत मुलं किती? आणि वर्षाच्या मध्ये आलेल्या किंवा दुसऱ्या बोर्डातून आलेल्या मुलासाठी तुम्ही नेमकं काय करता? तिसऱ्या प्रश्नाला ‘काळजी करू नका, मुलं रुळतात’ असं उत्तर आलं तर तिथं काही केलं जात नाही असं समजा. ‘पहिला महिना आम्ही एक जोडीदार देतो, हिंदीच्या बाई शनिवारी थांबतात’ असं काही ठोस आलं तर ऐकून घ्या. आरटीई कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची छाननी करता येत नाही आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठीची देणगी, घेता येत नाही. ‘बिल्डिंग फंड’च्या नावाखाली पावतीशिवाय रक्कम मागितली तर उठून या.

फीबाबत एवढंच. पुस्तकं, गणवेश, बस, सहल, ‘ॲक्टिव्हिटी’ हे सगळं मिळवून वर्षाचा आकडा लेखी मागा. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यानुसार एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही, आणि ती ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची भूमिका असते. ती समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. शाळेत जुन्या पालकाला विचारा, यंदा सोडत झाली का? उत्तरावरून त्या शाळेत पालकांना कितपत विचारतात ते समजेल. आणि दोन मुलांची फी मिळून घरात येणाऱ्या पगाराच्या एवढ्या वाट्याला जाऊ देऊ नका की सासूबाईंच्या दुखण्याला हात आखडावा लागेल. शाळेची फी दर वेळी वाढत जाते, ती कमी झालेली मी पाहिलेली नाही.

फ्लॅट लगेच घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष भाड्यानं काढा. मुलगी त्या शाळेत टिकते का, हिंजवडीचं ऑफिस तिथंच राहतं का, तुमचे दोन दिवस चार होतात का, हे वर्षभरात कळतं. भाडेकरार नोंदणीकृत करा, लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि करार मे महिन्यात संपेल असा बसवा. फेब्रुवारीत घर सोडायची वेळ आली तर परीक्षेच्या तोंडावर शाळेपासून लांब जावं लागतं.

शेवटी नागपूरची कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला पुण्यातला प्रवेश पक्का झाल्यावरच काढा, आधी काढून ठेवू नका. कायद्यानं आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. खासगी शाळा मात्र तो लगेच मागतात. दाखला हातात पडला की तिथंच काउंटरवर उभं राहून नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात ही जन्मदाखला आणि आधारशी ताडून बघा. एक वेलांटी चुकली तरी दुरुस्तीसाठी पुन्हा नागपूरला जावं लागतं. मुलीचा राज्य सरकारच्या सरल पोर्टलवरचा आयडी आणि पेन (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी) क्रमांक लिहून घ्या. नव्या शाळेनं ऑनलाइन मागणी टाकल्यावर जुन्या शाळेनं ती मंजूर करावी लागते, आणि मे महिन्यात तिथले लिपिक सुट्टीवर असतात. म्हणून एप्रिलमध्येच त्यांचा मोबाइल नंबर घेऊन ठेवा. चौथीचं प्रगतिपुस्तक, लसीकरणाचं कार्ड आणि दोघांचे फोटो हे सगळं सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, स्वतःच्या पिशवीत ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर चार दिवस काढून एकदा येऊन जा, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात नव्हे, उघडल्यावर. मुलीला सोबत आणा. कोथरूड-कर्वेनगरच्या तीन आणि पिंपळे निलखच्या दोन शाळा एवढंच बघा, जास्त नको. एक सकाळ वनाजहून कल्याणीनगरपर्यंत मेट्रोनं जाऊन या, आणि एका कामाच्या दिवशी यजमानांनी साडेआठला चांदणी चौकातून हिंजवडीला गाडी नेऊन बघावी. दोन्ही मुलांच्या जन्मतारखा आणि मुलीचं चौथीचं पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक मला कळवलंत तर कोणत्या शाळेचे अर्ज त्यांच्यासाठी कधी निघतात ते शाळेगणिक सांगते.